निम्मा इनास

रविवारी रात्री क्लबच्या खोलीत आम्ही सातजण,
मध्ये गार झालेल्या मिरची-भज्यांची पुडी
आणि कागदावर एक आकडा :
सहा लाख चाळीस हजार.
एका हंगामाचे. एका माणसाचे.
उरलेल्या अठरा पोरांचे मिळून त्याहून कमी.

खजिनदार मी. कुडचड्याच्या पतसंस्थेत बावीस वर्षं
दुसऱ्यांचे हप्ते मोजत आलो,
म्हणून ही वहीही माझ्याच गळ्यात.
खाणी चालू होत्या तेव्हा ती आपोआप भरायची.
ट्रकवाले नोटा मोजत नसत,
लाल बोटांनी टेबलावर ठेवून निघून जात.
आता खाणीत हिरवं पाणी आहे
आणि ट्रकच्या टपावर कोंबड्या.

शाबा गांवकर म्हणाला, इनास म्हणजे क्लब.
तेओतोन म्हणाला, इनास म्हणजे गुडघा.
दोघांचंही खरं होतं.
मडगावच्या डॉक्टरने त्या गुडघ्यातून गेल्या वर्षी
अर्धा कप पाणी काढलं, बिल माझ्याकडे आहे.
शेवटच्या सामन्यात चेंडू त्याच्या पायाला
अकरा वेळा लागला. मी मोजले.
त्यातले सात पास मागे.

मग कोणीतरी वास्कोची ती फायनल काढली.
कोणीतरी काढणारच होतं.
शेवटचं मिनिट, चिखल, डावा पाय,
आणि चेंडू पाच माणसांच्या भिंतीला वळसा घालून
असा आत गेला, जसा रुसून बसलेला जावई
मागच्या दाराने हळूच जेवायला येतो.
त्या रात्री शाबा रडला होता.
तेओतोनने नवी कोरी स्कूटर पोरांना दिली
आणि दोन दिवस परत मागितली नाही.
चौदा वर्षं झाली.
त्या गोलाचे हप्ते आपण अजून फेडतोय, मी म्हणालो.
कोणी हसलं नाही.

निम्म्यात विचारू, ठरलं. विचारायला मीच गेलो.
तो पायरीवर बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी,
त्याच बर्फात बायकोचे बांगडे ठेवलेले.
ऐकून घेतलं त्याने सगळं.
"निम्मा इनास," तो म्हणाला, "कुठला हवा रे तुम्हाला?
वरचा की खालचा?"
आणि मी उठलो तेव्हा :
"शाल नको हां. नारळ नको.
भिंतीवर फोटो तर अजिबात नको, मी मेलो नाही."

तीन विरुद्ध तीन.
दुसऱ्या बाजूला मंथन वेळीप, केप्याकडचा, एकोणीस वर्षांचा,
मागे कुत्रं लागल्यासारखा धावणारा, नव्वद हजारांत.
माझा हात वर गेला
आणि बराच वेळ तो खाली आणायचं सुचलं नाही.

ऑक्टोबर. पहिला सामना. तिकीट खिडकीवर मी.
पन्नासाची नोट आत आली, मागून ओळखीचं मनगट.
जाऊ दे रे, मी म्हणालो.
"फाड."
फाडलं.

मध्यंतरानंतर मंथन गोलकीपरसमोर एकटा,
आणि त्याने माडांत मारला.
सवयीने अख्खं मैदान ओरडलं :
इनासला घाला आत! इनासला घाला!
मग ज्याच्या त्याच्या लक्षात आलं.
शेंगदाणेवालासुद्धा थांबला.

तो कुंपणाला टेकून उभा होता, हलला नाही.
फक्त डावी चप्पल
मातीत अर्धा इंच पुढे सरकली.

हरलो, एक-शून्य.
रात्री हिशेब जुळला, पहिल्याच फटक्यात :
तिकिटं तीनशे अठ्ठ्याऐंशी.
गेल्या वर्षी याच सामन्याला हजारावर होती,
अर्धी त्याला बघायला, अर्धी त्याला शिव्या घालायला,
पैसे दोघांनीही दिले होते.
त्याची नोट मी वेगळी काढून ठेवली होती,
पण नोटांना चेहरा नसतो.
कधीतरी हाताबरोबर गठ्ठ्यात गेली,
वर रबर लावलं.